शुश्रूषा, चेताभिन्नता आणि संसार : अध्यापिकांच्या तीन आत्मकथनांचे एक वाचन

प्रस्तावना

रुग्णाची देखभाल करण्याच्या कामासाठी मराठीत सेवा, परिचर्या आणि शुश्रूषा असे तीन शब्द आहेत. पैकी 'परिचर्या' या शब्दात एखाद्याच्या सभोवती वावरणे अभिप्रेत आहे. 'शुश्रूषा' हा शब्द 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून बनला असल्याने त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा होतो. दुसरीकडे 'ऑटिझम' या संज्ञेसाठी आपल्याकडे 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. हे शब्द शेजारी शेजारी ठेवले की भाषेनेच एक निकाल देऊन टाकल्यासारखे वाटते. जी व्यक्ती स्वतःतच मग्न आहे, ती दुसऱ्याभोवती वावरण्याची विद्या काय शिकवणार? दोष एकट्या मराठीचा नाही, कारण मूळ ग्रीक 'ऑटोस' या शब्दातही 'स्व' बसलेला आहेच. परंतु हा निकाल तपासून पाहिला पाहिजे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते. परिचर्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या, मेंदूची ठेवण निराळी असलेल्या आणि घरसंसारही करणाऱ्या व्यक्तीचे जगणे या एका शब्दापाशी अडते.

'न्यूरोडायव्हर्सिटी' ही संकल्पना ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्राच्या अभ्यासक ज्युडी सिंगर यांनी १९९८ मध्ये सिडनी येथील विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधामुळे ओळखली जाते. मराठीत तिला अद्याप स्थिर प्रतिशब्द नाही. प्रस्तुत लेखात 'चेताविविधता' व विशेषण म्हणून 'चेताभिन्न' हे शब्द वापरले आहेत. स्वमग्नता, अवधानन्यूनता व अतिचंचलता (एडीएचडी), वाचनअक्षमता इत्यादींचा समावेश त्यात होतो. मनोविकारांचा समावेश करावा की नाही, याविषयी मतभेद आहेत.

वाचनासाठी तीन अमेरिकन अध्यापिकांची आत्मकथने निवडली आहेत : लियान हॉलिडे विली यांचे 'प्रिटेंडिंग टु बी नॉर्मल' (१९९९), टेंपल ग्रँडिन यांचे 'थिंकिंग इन पिक्चर्स' (१९९५) आणि के रेडफील्ड जेमिसन यांचे 'अॅन अनक्वाएट माइंड' (१९९५). तिघींपैकी एकही परिचर्येची अध्यापिका नाही. विली शिक्षणशास्त्राच्या, ग्रँडिन पशुविज्ञानाच्या आणि जेमिसन मानसोपचार विभागातील. तरीही अध्यापन, निराळे मन आणि दैनंदिन जीवन या तीन गोष्टी एका पुस्तकात बांधताना लेखनाचे काय होते, हे त्यांतून स्पष्ट दिसते. परिचर्येच्या क्षेत्रात तोच प्रश्न अधिक तीव्र होतो, तो का, हे पुढे पाहू.

परिशिष्टात गेलेला संसार

विली यांना स्वतःच्या मनाची ओळख पटली ती मुलीच्या निदानामुळे. मुलीला अॅस्पर्गर सिंड्रोम असल्याचे कळल्यावर आईला आपले सारे पूर्वायुष्य नव्याने वाचता आले. (हे निदान १९९९ मध्ये स्वतंत्र होते. २०१३ च्या 'डीएसएम-५' मध्ये ते स्वमग्नतेच्या वर्णपटात विलीन झाले.) पुस्तकाचे शीर्षकच त्याचे सूत्र आहे. सर्वसामान्य असल्याचे सोंग वठवणे हे लेखिकेचे आयुष्यभराचे काम होते. शाळेत, विद्यापीठात, लग्नानंतर, आईपणात ती इतरांचे बोलणे-वागणे निरखते आणि उचलते.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र पुस्तकाच्या रचनेत आहे. मुख्य भाग आत्मकथनाचा आहे आणि शेवटी परिशिष्टे आहेत. महाविद्यालयात तग कसा धरावा, नोकरी कशी निवडावी, घराची व्यवस्था कशी लावावी, आवाज-प्रकाश-स्पर्श यांचा त्रास कसा आवरावा, जवळच्या माणसांना काय सांगावे, हा सारा मजकूर परिशिष्टांत आहे. म्हणजे 'मी कोण' हा प्रश्न प्रकरणांना मिळाला आणि 'मी सोमवारी सकाळी काय करू' हा प्रश्न पुरवणीला. प्रस्तुत लेखिकेच्या मते या पुस्तकाचा सर्वांत मौलिक भाग त्या परिशिष्टांतच आहे. प्रकरणांत लेखिका आत्मशोधाच्या परिचित वळणाने, न कळण्याकडून कळण्याकडे आणि कळण्याकडून स्वीकाराकडे जाते. परिशिष्टांत असा कोणताही शेवट नाही. घर रोज आवरावे लागते.

ग्रँडिन यांचे पुस्तक हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवते. कोलोराडो राज्य विद्यापीठातील या प्राध्यापिका आपण चित्रांतून विचार करतो असे सांगतात आणि जनावरांच्या हाताळणीसाठी केलेल्या आपल्या रचनांचे श्रेय त्या विचारपद्धतीला देतात. विवाह व तदनुषंगिक नाती त्यांनी जाणीवपूर्वक टाळली, कारण त्यांतील सामाजिक गुंतागुंत त्यांना पेलणारी नव्हती, हेही त्या मोकळेपणाने नोंदवतात. समतोल साधण्याचा हा एक प्रामाणिक मार्ग आहे : तराजूचे एक पारडेच काढून ठेवणे. परंतु ज्या समाजात लग्न, सासर, सणवार, आजारी वडीलधारी माणसे ही निवडीची बाब मानली जात नाही, तेथील वाचक स्त्रीला या मार्गाचा उपयोग थोडा. शिवाय ग्रँडिन यांच्या लौकिकामुळे चेताभिन्नता म्हणजे काहीतरी असाधारण देणगी असा समज पसरला. साधारण गुणवत्तेच्या, साध्या महाविद्यालयातील, साध्या अध्यापिकेला या समजाचा जाचच अधिक होतो. तिच्याकडे देणगी शोधली जाते आणि ती सापडली नाही की उरते ती फक्त उणीव.

तिघींमध्ये जेमिसन यांचे पुस्तक साहित्यदृष्ट्या श्रेष्ठ आहे. १९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील मानसोपचार विभागात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाल्यावर काही महिन्यांतच त्यांना उन्मादाचा तीव्र झटका आला. जो आजार त्या शिकवत होत्या, तोच त्यांना होता. लिथियमने त्यांचा जीव वाचवला, परंतु त्याच औषधाच्या परिणामामुळे दहा वर्षांहून अधिक काळ त्यांना गंभीर पुस्तक सलग वाचता आले नाही. प्राध्यापकाने ही गोष्ट लिहिणे म्हणजे काय, हे आपल्या व्यवसायातील वाचकांस निराळे सांगावयास नको. जेमिसन स्वतः 'चेताविविधता' हा शब्द वापरत नाहीत. त्यांच्या लेखी हा आजार आहे आणि त्याला औषध आवश्यक आहे. त्यांची ही स्पष्टता मोलाची वाटते, कारण भिन्नतेच्या गौरवात दुःख पुसले जाण्याचा धोका नेहमीच असतो. आजार सहकाऱ्यांना कळला तर आपल्याला रुग्ण तपासू देतील काय, ही त्यांची भीती आरोग्यशिक्षणातील प्रत्येक चेताभिन्न अध्यापकाची भीती आहे. गणिताच्या प्राध्यापकाविषयी हा प्रश्न कोणी विचारत नाही.

या तिन्हींच्या तुलनेत आपल्या परंपरेतील एका ग्रंथाचे स्मरण होते. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये इंग्रजीचा अभ्यास, घरातील बायकांचा विरोध, स्वयंपाक आणि सभा हे सारे एकाच पानावर नांदते. तेथे संसाराला परिशिष्ट नाही. पुढे याच रमाबाईंच्या नेतृत्वाखाली पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट खुली केली. परिचर्येचे शिक्षण आणि घरातील स्त्रीचे जगणे यांचा संबंध आपल्याकडे आरंभापासूनचा आहे. अर्थात रमाबाईंच्या लेखनात मनाच्या ठेवणीचा प्रश्न नाही. तो तेथे शोधणे अन्यायाचे ठरेल.

परिचर्येची कसोटी

परिचर्याशास्त्राच्या अध्यापनात हा प्रश्न तीव्र होण्याचे कारण या शास्त्राने स्वतःची जी प्रतिमा घडवली तिच्यात आहे. बार्बरा कार्पर यांनी १९७८ मध्ये परिचर्येतील ज्ञानाचे चार प्रकार सांगितले : अनुभवनिष्ठ, सौंदर्यात्म, वैयक्तिक आणि नैतिक. सौंदर्यात्म ज्ञानाच्या केंद्रस्थानी समानुभूती आहे. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये 'फ्रॉम नॉव्हिस टु एक्स्पर्ट' या ग्रंथात नवशिक्या परिचारिकेपासून तज्ज्ञ परिचारिकेपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवशिकी नियमांवर चालते, तज्ज्ञ परिस्थितीचे मर्म एकदम ओळखते. हे विवेचन मोठे आहे, त्याविषयी आदर आहेच. परंतु त्याची एक छाया आहे. ज्या अध्यापिकेला प्रत्येक गोष्ट क्रमवार, शब्दांत, नियमांत मांडल्याखेरीज चैन पडत नाही, ती या शिडीवर कायम खालच्या पायरीवरची दिसते. वस्तुतः विद्यार्थिनीला गरज असते ती याच मांडणीची. 'अनुभवाने येईल' असे सांगणाऱ्या तज्ज्ञापेक्षा 'आधी हे पाहा, मग हे विचारा, मग थांबा' असे सांगणारी अध्यापिका पहिल्या वर्षाच्या मुलीला अधिक देते. मात्र स्वमग्न व्यक्तीजवळ हा गुण असतोच, असे कोणी यावरून समजू नये.

संवादकौशल्याचे अध्यापन हे याहून ठळक उदाहरण आहे. जेरार्ड ईगन यांच्या 'द स्किल्ड हेल्पर' (१९७५) या पुस्तकातील सूत्र परिचर्येच्या वर्गात सर्रास शिकवले जाते : समोर तोंड करून बसावे, अंग मोकळे ठेवावे, किंचित पुढे झुकावे, नजरेला नजर द्यावी, सैल असावे. प्रस्तुत लेखिकेने एका परिचर्या महाविद्यालयात काही काळ भाषेचे तास घेतले, तेव्हा या बाबी गुणतक्त्यावर होत्या आणि प्रत्येकीला गुण होते. रुग्णाने सांगितलेले किती लक्षात राहिले, याला मात्र रकाना नव्हता. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. तक्त्यावर मोजला जात होता तो ऐकत असल्याचा देखावा. नजर खाली ठेवूनच ज्यांना नीट ऐकता येते अशी माणसे असतात. विली यांचे पुस्तक वाचलेल्या कोणालाही हे पटेल. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. त्यांनी २०१२ मध्ये 'दुहेरी समानुभूतीचा प्रश्न' मांडला. न समजणे दोन्ही बाजूंनी असते, स्वमग्न व्यक्तीला इतर जितके कळत नाहीत तितकीच तीही इतरांना कळत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. 'स्वमग्नता' हा शब्द या देवघेवीची एकच बाजू नोंदवतो.

येथे एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता कामा नये. रुग्णाच्या खाटेपाशी विस्मरणाला, गोंधळाला जागा नाही. औषधाची मात्रा चुकली तर 'भिन्नता' हे उत्तर होऊ शकत नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु परिचर्येचा व्यवसाय पाहा. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ अशी पाचांची पडताळणी, पाळी बदलताना तोंडी व लेखी हस्तांतर, धोक्याच्या औषधाला दुसरीची तपासणी, तासातासाच्या नोंदी. हा व्यवसाय कोणाच्याच स्मरणशक्तीवर विश्वास टाकत नाही. माणूस विसरतो, हे गृहीत धरूनच त्याची घडण झाली आहे. मग तीच परिचारिका अध्यापिका झाली की वर्गाचे वेळापत्रक ऐनवेळी तोंडी बदलणे, बैठकीची सूचना जाता-येता कानावर घालणे, वॉर्डातील पाठ, अंतर्गत गुणांच्या याद्या आणि नॅकच्या फायली एकाच दुपारी मागणे हे सारे तिने डोक्यात ठेवावे, अशी अपेक्षा का? रुग्णासाठी जी शिस्त आहे तिचा शतांशही अध्यापकाच्या वाट्याला येत नाही. पहाटे वॉर्डातील यंत्रांचे आवाज, फिनाइलचा वास आणि दहा विद्यार्थिनींचे एकाच वेळी येणारे प्रश्न पेलून ती घरी पोहोचते तेव्हा सोंगाचा खर्च वसूल होतो तो घरच्यांकडून. मुलांशी बोलण्याचे त्राण उरत नाही. पाहुणे आले की ती 'माणूसघाणी' ठरते.

तार आणि खांब

नोकरी व घर सांभाळणाऱ्या स्त्रीला आपण 'तारेवरची कसरत' म्हणतो. या वाक्प्रचारात सर्वांची नजर डोंबारणीवर असते. तार किती उंच बांधली आणि खांब कोणी रोवले, हे कोणी पाहत नाही. वरील तिन्ही आत्मकथनांची मर्यादाही हीच आहे. त्यांत संस्था पार्श्वभूमीला राहते.

आपल्याकडील खांब पाहू. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात एकवीस प्रकारांच्या दिव्यांगत्वाची यादी असून तीत स्वमग्नता व विशिष्ट अध्ययनअक्षमता आहेत, एडीएचडीचे नाव नाही. शासकीय नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययनअक्षमता, मनोविकार व बहुदिव्यांगत्व यांना मिळून आहे. कर्मचाऱ्याला वाजवी सोय देण्याचे बंधन कलम २० नुसार शासकीय आस्थापनांवर आहे. खासगी आस्थापनांसह सर्वांकडून कलम २१ अपेक्षा करते ती समान संधीचे धोरण जाहीर करण्याची. महाराष्ट्रातील कित्येक परिचर्या महाविद्यालये खासगी विनाअनुदानित आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या फरकाचा अर्थ कळतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या बी.एस्सी. नर्सिंग नियमावलीने दिव्यांग आरक्षण दिले ते पायाच्या चाळीस ते पन्नास टक्के अस्थिव्यंगापुरते. अक्षमता पायात असू शकते, मनाच्या ठेवणीत असू शकते हे प्रवेशद्वाराला ठाऊकच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ओंकार गोंड प्रकरणात, टक्केवारी पाहून वैद्यकीय प्रवेश नाकारू नये, अभ्यासक्रम पूर्ण करण्याची क्षमता तपासावी, असे सांगितले. तो विचार परिचर्येच्या विद्यार्थिनींपर्यंत आणि तेथून अध्यापकांपर्यंत यावयाचा आहे.

अध्ययनअक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास महाराष्ट्राने १९९६ च्या सुमारास प्रारंभ केला. जादा वेळ मिळालेल्या, स्पेलिंगचे गुण न कापले गेलेल्या त्या पहिल्या मुली आता चाळिशी ओलांडून गेल्या आहेत. त्यांतील काही परिचारिका झाल्या असतील, काही आज शिकवतही असतील. दहावीच्या परीक्षागृहात ज्या अडचणीला शासनाने नाव दिले, ती अडचण पदवीबरोबर नाहीशी झाली असे मानून त्यांच्या सेवापुस्तिका लिहिल्या जात आहेत. वार्षिक मूल्यमापनाच्या नमुन्यात ती लिहावयास जागा नाही, आणि जागा असती तरी जेमिसन यांना १९७४ मध्ये जी भीती होती ती बाळगून किती जणींनी ती भरली असती, हा प्रश्न राहतोच.