समूहगान, ताईचे कान आणि सहा गप्प मुलं

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एखाद्या पेपरवर नाही, एका गाण्यावर लिहितोय. मुद्दा मात्र आपल्या कामाचाच आहे.

26 जानेवारीला भाचीच्या शाळेत गेलो होतो. तिसरीच्या 40 मुलांनी साने गुरुजींचं देशगीत म्हटलं. ताईच्या डोळ्यांत पाणी. गाणं संपल्यावर म्हणाली, "एवढ्या पोरांत माझ्या पोरीचा आवाज मला वेगळा ऐकू आला रे!"

आधी सादरीकरणाबद्दल. पहिलं कडवं नुसत्या पेटीवर होतं. शब्द स्वच्छ, मुलं एकमेकांचं ऐकत गात होती. दुसऱ्या कडव्याला स्पीकरवर रेकॉर्डेड ट्रॅक सुरू झाला आणि मुलं ओरडायलाच लागली. भोवतीचा आवाज वाढला की माणूस नकळत आपला आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी 1911 मध्ये हे नोंदवलं, म्हणून याला 'लोंबार्ड इफेक्ट' म्हणतात. पालकांना जो आवेश वाटला, तो बराचसा स्पीकरचा प्रताप असावा.

परत येताना रिक्षात भाची सहज म्हणाली, "मामा, मी गातच नव्हते. बाईंनी आम्हा सहा जणांना नुसते ओठ हलवायला सांगितलेलं. आमचा सूर लागत नाही ना."

ताई गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मग मी काय ऐकलं?"

ताईला हसू नका. 1903 मध्ये ब्लोंदलो या नामवंत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने 'एन किरण' सापडल्याचं जाहीर केलं. 1904 मध्ये रॉबर्ट वुड त्याच्या प्रयोगशाळेत गेला आणि अंधारात त्याने उपकरणातलं प्रिझम गुपचूप काढून घेतलं. तरीही निरीक्षणं पहिल्यासारखीच येत राहिली! ब्लोंदलो खोटं बोलत नव्हता. त्याला जे दिसायला हवं होतं, ते दिसत होतं. ताईचा आनंदही खराच होता. फक्त तो आनंद म्हणजे पुरावा नव्हे.

आता थोडं गणित. सगळ्यांचा आवाज सारखा धरला, तर 40 ऐवजी 34 जण गायल्याने पातळी जेमतेम 0.7 डेसिबलने घटते. सभागृहात बसून हा फरक कळणं जवळपास अशक्य. म्हणजे ती सहा मुलं गप्प आहेत, हे ऐकून कुणालाच कळलं नसतं. विचारल्याशिवाय कळणारच नव्हतं.

माझी खरी तक्रार इथे आहे. स्पर्धा असती तर बाईंची अडचण समजू शकलो असतो. पण हा प्रजासत्ताक दिन होता आणि गाणं सगळ्यांनी मिळून उभं राहण्याचं. शिवाय समूहगानाला जो भरीवपणा येतो, तो सूर किंचित वरखाली असल्यामुळेच येतो. सहा मुलांसोबत आठवडाभर जास्त सराव करता आला असता. त्यांना गप्प करणं सोपं होतं, इतकंच.

आपणही हेच करतो. आलेखावर न बसणारे बिंदू 'आउटलायर' म्हणून काढून टाकतो आणि रेष सुंदर दिसली की ताईसारखे भारावतो. बिंदू काढायला हरकत नाही, पण का काढला आणि किती काढले, हे लिहा. निकष डेटा बघण्याआधी ठरवा. आणि शक्य असेल तिथे मोजणी अशा माणसाकडून करून घ्या, ज्याला कुठला नमुना कुठला हे माहीतच नाही.

त्या रात्री ताईने भाचीला ते गाणं म्हणायला लावलं. सूर खरंच लागत नव्हता. ताईने पूर्ण ऐकलं.