‘जेव्हा माणूस जागा होतो’ आणि ‘सरकार’ या संकल्पनेचा प्रश्न

राज्यशास्त्राच्या पदवी वर्गात शासनसंस्थेचे प्रकरण बहुधा ठरावीक वाटेने शिकविले जाते. भूप्रदेश, लोकसंख्या, शासन आणि सार्वभौमत्व ही राज्याची चार अंगे सांगावयाची, कौटिल्याची सप्तांगे त्यांना जोडावयाची आणि शासनप्रकारांच्या वर्गीकरणाकडे वळावयाचे. या मांडणीत सरकार कोणते हे आधीच ठाऊक असल्याचे गृहीत धरलेले असते. प्रश्न फक्त ते कोणत्या प्रकारचे आहे एवढाच उरतो. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) हे पुस्तक या गृहीतकालाच धक्का देते. १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या या ग्रंथाची चर्चा मराठी समीक्षेत आत्मकथन, चळवळीचा वृत्तान्त वा आदिवासी जीवनाचे चित्रण या अंगांनी झाली. शासनसंस्थेविषयीचा ग्रंथ म्हणून तो क्वचितच वाचला गेला. प्रस्तुत लेखात त्याचे वाचन त्या अंगाने केले आहे.

ग्रंथाचा प्रदेश डहाणू, उंबरगाव आणि आसपासचा. १९३५च्या कायद्यानुसार तो ‘अंशतः वगळलेला प्रदेश’ होता; म्हणजे प्रांतिक विधिमंडळाचे कायदे तेथे राज्यपालांच्या संमतीनेच लागू व्हावयाचे. कागदोपत्री पाहता या प्रदेशात सरकार होते: मामलेदार होता, फौजदार होता, जंगल खात्याचे अधिकारी होते. परंतु वारल्याच्या दैनंदिन जीवनात हुकूम कोणाचा चालत असे, हा प्रश्न ग्रंथाच्या पहिल्या भागातच उभा राहतो. वेठीला कोणी यावयाचे हे जमीनदार ठरवी. शिक्षा तोच करी आणि तिच्यावर अपील नसे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी माणूस पत्नीसह त्याच्या घरी राबत असे. ‘लग्नगडी’ हा शब्दच त्या व्यवस्थेची साक्ष देतो. श्रमाच्या रूपाने कर, न्यायदान, दंड आणि कुटुंबजीवनावरील नियंत्रण ही शासनाची म्हणून जी लक्षणे पाठ्यपुस्तकात मोजली जातात, ती येथे एका खाजगी माणसाच्या ओटीवर एकत्र आलेली दिसतात.

मॅक्स वेबर यांनी १९१९च्या व्याख्यानात राज्यसंस्थेची व्याख्या विशिष्ट भूप्रदेशातील वैध बळाच्या वापराची मक्तेदारी अशी केली. ही कसोटी लावल्यास १९४५ पूर्वीच्या उंबरगावात ब्रिटिश राज्याची मक्तेदारी सिद्ध होत नाही. अर्थात जमीनदाराला ‘सरकार’ म्हणून मोकळे होणेही घाईचे ठरेल. त्याचे बळ अंतिमतः फौजदाराच्या बंदुकीवर विसंबून होते आणि ती बंदूक वेळ पडताच त्याच्या मदतीला आली. योग्य वर्णन करावयाचे तर ही भाड्याने दिलेली सत्ता होती: राज्याने शांतता व महसूल यांच्या मोबदल्यात माणसांवरील अधिकार परस्पर सोडून दिला होता. मराठी वाचकाला हे अपरिचित नसावे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांविषयीचे जे सावध विवेचन आहे, त्याचा रोख हाच आहे. वतनदार नावापुरते राज्याचे चाकर, पण आपल्या जागी लहानसे स्वतंत्र सत्ताधीश, असे त्यांचे निदान. मात्र अमात्यांना त्यात राजाचा तोटा दिसतो. परुळेकरांना राबणाऱ्या माणसाचा दिसतो, आणि येथेच त्यांचा ग्रंथ राजनीतीच्या परंपरागत ग्रंथांहून वेगळा होतो.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेस काही वारली गेले आणि मे महिन्यात झरी येथे परिषद भरली. वेठ करावयाची नाही, मजुरी रोखीने घ्यावयाची, लग्नगडी राहावयाचे नाही, असे तेथे ठरले. ग्रंथातील हा भाग सर्वांत समृद्ध आहे. ठराव करणे ही शहरी कार्यकर्त्याच्या दृष्टीने नित्याची बाब. परंतु ज्या समूहाने आजवर दुसऱ्याचा हुकूम फक्त ऐकला, त्याने स्वतः नियम ठरविणे आणि तो सर्वांनी पाळणे ही शासनाच्या जन्माचीच प्रक्रिया होय. त्या पावसाळ्यानंतर गवतकापणीचा दर पाचशे पौंडांस अडीच रुपये असावा या मागणीसाठी संप झाला. दर कोणी ठरवावयाचा, हा तंटा दिसावयास आर्थिक असला तरी मुळात सत्तेचा होता. जमीनदारांना ते नेमके कळले होते, असे म्हणावे लागते.

साताऱ्यात १९४३ पासून नाना पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले प्रतिसरकार याच काळातले. त्याने स्वतःला सरकार म्हटले, न्यायमंडळे नेमली, तुफान सेना उभी केली. वारल्यांच्या चळवळीने हे नाव कधी घेतले नाही. तिच्याजवळ होता तो लाल बावटा. तरीही बंधमुक्ती आणि मजुरीचे नियमन या दोन बाबतींत तिने जे केले, ते करावयास अधिकृत शासन धजले नव्हते. डेव्हिड सिमिंग्टन यांच्यासारख्या सरकारी अधिकाऱ्याने १९३०च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींच्या स्थितीचा अहवाल देऊन ठेवला होता. म्हणजे अज्ञानाची सबबही शासनाजवळ नव्हती.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले; जेठ्या गांगड त्यांतले एक. त्या वेळी मुंबई प्रांतात निर्वाचित मंत्रिमंडळ नव्हते. १९३९ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून राज्यपालांची राजवट चालू होती. १९४६ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ आले. मतदान, बहुमत, शपथविधी या ज्या पायऱ्यांनी सरकार ‘बनते’ त्या सर्व यथासांग पार पडल्या. खेर स्वतः आदिवासी सेवा मंडळाच्या कार्याशी निगडित होते, हेही विसरता येत नाही. तथापि त्याच वर्षाच्या अखेरीस कार्यकर्त्यांवर हद्दपारीचे हुकूम निघाले आणि ७ जानेवारी १९४७ रोजी नानिवलीस पुन्हा गोळीबार झाला. मुंबईत सरकार बदलले होते. वारल्याच्या पाड्यावर बदलल्याची खूण नव्हती. सरकारची घडण आणि सरकारचा अनुभव यांतील हे अंतर कोणत्याही व्याख्येपेक्षा या दोन तारखा अधिक स्पष्ट करतात.

ग्रंथाच्या मर्यादाही याच प्रश्नाच्या संदर्भात जाणवतात. भीती गेली की सत्ता कोसळते, हे लेखिकेचे मध्यवर्ती प्रतिपादन प्रभावी आहे, पण अपुरे. डेव्हिड ह्यूम यांनी १७४१ मध्येच दाखविले होते की थोड्यांचे राज्य पुष्कळांवर चालते ते केवळ बळाने नव्हे, लोकांच्या समजुतीच्या आधाराने. घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे ही लग्नगड्याची समजूत भीतीइतकीच जमीनदाराच्या उपयोगी पडली नसेल काय? लेखिका या नैतिक बंधनाचा पुरेसा शोध घेत नाहीत.

दुसरी मर्यादा शीर्षकातच आहे. माणूस जागा होतो असे म्हणताना तो आधी निजलेला होता हे ओघानेच येते. वारली समाजाला स्वतःची व्यवस्था होती. त्यात पंच होते, भगत होता, लग्न लावणारी धवलेरी होती. विवाहासारख्या महत्त्वाच्या संस्काराचा अधिकार स्त्रीच्या हाती असणे ही सत्ताविचाराच्या दृष्टीने साधी गोष्ट नव्हे. लेखिकेचा भर मात्र शोषण आणि जागृती यांवर राहतो, आणि या जुन्या व्यवस्थेचे शासनव्यवस्था म्हणून वाचन होत नाही. १९४५ च्या तातडीत ते शक्य नव्हते, हे मान्य. पण ग्रंथ प्रसिद्ध झाला तो पंचवीस वर्षांनंतर.

ही उणीव आज व्यवहारातही भासते. १९९६चा पेसा कायदा पाचव्या अनुसूचीतील ग्रामसभेस परंपरा, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे सोडविण्याच्या रूढ पद्धती यांचे रक्षण करण्यास सक्षम मानतो. महाराष्ट्राचे त्याविषयीचे नियम २०१४ साली आले. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. ग्रामसभेला जे जपावयाचे आहे ते काय होते, याचे उत्तर या प्रदेशावरील सर्वाधिक वाचल्या गेलेल्या मराठी ग्रंथात शोधू गेल्यास हाती थोडेच लागते.

अच्छाडसारखे गाव या संदर्भात लक्षणीय आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गुजरातच्या हद्दीला लागून असलेले हे तलासरी तालुक्यातील गाव. १ मे १९६० रोजी उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेल्या गावांतून पुढे तलासरी आकारास आले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ते ठाण्याऐवजी पालघर जिल्ह्यात मोडते. ज्या समूहाने एकत्रितपणे वेठ नाकारली, त्याच्या मधून राज्यसीमा गेली. तिच्या एका बाजूला महाराष्ट्राचे पेसा नियम लागू आहेत, दुसऱ्या बाजूला गुजरातचे. दोन्ही बाजूंस वारलीच राहतात. ग्रंथ १९७० मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ही सीमा दहा वर्षांची झाली होती. चळवळीच्या प्रदेशाची ही विभागणी ग्रंथाच्या विवेचनाचा विषय होत नाही.