उल्केचे गणित आणि वास्तवाभास

आर्थर क्लार्क यांच्या ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३) या कादंबरीच्या प्रारंभी हजार टनांची उल्का सेकंदाला ५० किलोमीटर वेगाने उत्तर इटलीवर आदळते. पादुआ आणि व्हेरोना नामशेष होतात. वस्तुमानाचा निम्मा भाग आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराने ही गतिज ऊर्जा सुमारे ३०० किलोटन टीएनटीइतकी भरते. एवढा आघात एका शहराला पुरेसा ठरेल. परस्परांपासून सुमारे ७० किलोमीटर दूर असलेली दोन शहरे तो पुसून टाकू शकत नाही. संहितेतला संहार तिच्याच आकड्यांना पेलत नाही. तरीही वाचकाचा विश्वास ढळत नाही. कारण येथे आकडा मोजमापाचे नव्हे, वास्तवाभासाचे कार्य करतो. समीक्षेने मात्र हा हिशेब मांडलाच पाहिजे: विज्ञानाच्या नावे मिळवलेली विश्वसनीयता विज्ञानाच्याच कसोटीला बांधील असते.