मलिक अंबरचा रंग

शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा मुसलमानांना मलिक अंबर परका नाही. निजामशाहीचे तख्त त्याने काही काळ याच जुन्नरात ठेवले होते. हापूसबाग हे नाव ‘हबशी बाग’वरून आले, असे इथली जुनी माणसे सांगतात. तरीही वर्गात एखाद्या काळ्या पोराला चिडवायचे झाले की आमच्याच पोरांच्या तोंडी शब्द येतो, ‘हबशी’! म्हणून मुघल चित्रकारांनी काढलेली अंबरची दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहायला हवीत.

पहिले अबुल हसनचे, साधारण १६१६चे. आज ते डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. पृथ्वीच्या गोलावर उभा राहून जहांगीर बाण मारतो आहे आणि समोर भाल्यावर अंबरचे तोडलेले मुंडके. चित्रातल्या फारसी ओळी त्याच्या रंगाला रात्रीची उपमा देतात. प्रत्यक्षात अंबर जहांगीरच्या हाती कधी लागलाच नाही. १६२६ मध्ये, ऐंशीच्या आसपास, तो आपल्या मौतीने गेला. कबर खुलताबादेत आहे. मैदानात साधले नाही ते बादशहाने कागदावर साधून घेतले, तेही शत्रूच्या कातडीला नावे ठेवून. कारागिरी अप्रतिम, नियत खोटी.

दुसरे हाशिमचे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातले. पांढरा जामा, उतारवय, भरलेले अंग. हाशिमने रंग उजळला नाही, पोट आत घेतले नाही. हबशांच्या मुलखात जन्मलेला, बाजारात पुन्हा पुन्हा विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा पेशवा झालेला हा माणूस कुणाला खूश करायला उभा नाही. चित्रकार शत्रूच्या दरबारचा, तरी त्याची नजर साफ आहे.

आमच्या पोरांनी यातले एकही चित्र पाहिलेले नाही. त्यांनी पाहिली ती २००७ पासूनची, पुरुषांच्या गोरेपणाच्या क्रीमची शाहरुख खानची जाहिरात, आणि आता मोबाईलमधली सिक्स पॅकवाली शरीरे. पण दोष एकट्या जाहिरातीचा कसा? जुन्नर काय, मंचर-घोडेगाव काय, रिश्ता आला की घरातली मोठी माणसेच म्हणतात, “लडका गोरा है, पठान दिखता है.” जुम्म्याच्या बयानात हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव निघाले की याच माणसांचे डोळे भरून येतात.

हाशिमचे चित्र वर्गात लावले तर पोरे आधी हसतील. हसू द्यावे. मग विचारावे, मालोजीराजे भोसले कुणाच्या चाकरीत होते, आणि ती निजामशाही पुढे मुघलांपासून कुणी राखली?