एवढ्या मोठ्या मुंबईत कुणालाच ऐकू येत नाही?

निर्जन बेटावर अडकलेल्या माणसाची गोष्ट पडद्यावर आली की प्रेक्षकांची दोन मते हमखास ऐकू येतात. पहिले कौतुकाचे: 'काय जिद्द आहे!' दुसरे शंकेचे: 'पण असे कधी होते का?' शिक्षकाच्या उपयोगाचे मत दुसरे. कारण कौतुक तपासता येत नाही, शंका तपासता येते.

रॉबर्ट झेमेकिस यांच्या 'कास्ट अवे' (२०००) या चित्रपटात टॉम हँक्सने रंगवलेला चक नोलंड विमान कोसळल्यावर प्रशांत महासागरातील एका बेटावर चार वर्षे काढतो. विक्रमादित्य मोटवाने यांच्या 'ट्रॅप्ड' (२०१७) मधील शौर्य, म्हणजे राजकुमार राव, मुंबईतच अडकतो. प्रभादेवीच्या एका उंच, रिकाम्या इमारतीत नव्या घराचे दार बंद होते आणि किल्ली बाहेर राहते. वीज नाही, पाणी नाही, फोन बंद पडलेला, शेजार नाही. समुद्राऐवजी भोवती गर्दी आहे, एवढाच काय तो फरक.

विंचूरला अकरावी-बारावीच्या काही मुलांबरोबर आणि त्यांच्या शिक्षकांबरोबर या दोन चित्रपटांविषयी बोलताना तीच शंका दोन रूपांत पुढे आली. 'अमेरिकेसारख्या देशाला आपला माणूस सापडू नये?' आणि 'एवढ्या मोठ्या मुंबईत त्याची हाक कुणालाच ऐकू येऊ नये?' बहुतेकांच्या मते गोष्ट पुढे रेटण्यासाठी केलेली ही सोय होती. ती खरोखर सोय आहे का, हे गणिताने पाहू.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'कास्ट अवे'मध्येच आहे, पण ते मिनिटभरात येऊन जाते. चक खडकावर हिशेब मांडतो. विमानाचा वेग ताशी ४७५ मैल. वादळाला वळसा घालताना सुमारे तासभर संपर्क तुटलेला. म्हणजे शेवटच्या ठाऊक ठिकाणापासून विमान ४०० मैलांच्या आत कुठेही असू शकते. ४०० चा वर्ग गुणिले ३.१४, म्हणजे ५,०२,४०० चौरस मैल. हे साधारण १३ लाख चौरस किलोमीटर झाले. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर आहे; त्याच्या सव्वाचार पट पाण्यात एक ठिपका शोधायचा!

येथे एखादी चौकस मुलगी विचारील, वेग ४७५ आणि वेळ एक तास, तर त्रिज्या ४०० का? वळसा घालणारे विमान सरळ रेषेत जात नाही, त्यामुळे ४०० वाजवी आहे. पण ४७५ धरून पाहा. क्षेत्रफळ सात लाख चौरस मैलांच्या वर जाते. त्रिज्या १९ टक्क्यांनी वाढली, तर शोधायचा प्रदेश ४१ टक्क्यांनी वाढला. वर्गाचा हा प्रताप सूत्र पाठ करून कळत नाही, असा कळतो.

आता मुंबई. माणूस जिवाच्या आकांताने ओरडला तर एक मीटरवर आवाजाची पातळी सुमारे ९० डेसिबल धरू. ध्वनीची ऊर्जा गोलासारखी सर्व बाजूंना पसरते आणि गोलाचे पृष्ठफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढते. म्हणून अंतर दहापट झाले की तीव्रता शंभरपट कमी होते, म्हणजे पातळी २० डेसिबलने घटते. १० मीटरवर ७० आणि १०० मीटरवर ५० डेसिबल. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलपर्यंत आवाज असण्यास २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच मुभा दिली आहे. भर रहदारीचा रस्ता ७० च्या आसपास असतो. वरच्या मजल्यावरून आलेली ती हाक रस्त्यावर पोहोचते तेव्हा तिची तीव्रता गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतकी उरते. हाक नाहीशी होत नाही, बुडते.

म्हणजे दोन्ही चित्रपटांतील एकटेपणाचे मूळ एकच: अंतराचा वर्ग. ज्या गोष्टीला प्रेक्षक सोय म्हणतात, तीच या कथांमधील सर्वांत शास्त्रशुद्ध गोष्ट आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. 'ट्रॅप्ड'मधील पहारेकऱ्याला कमी ऐकू येते असे दाखवले आहे. त्यामुळे प्रेक्षकाला सोपे कारण मिळते: बिचारा बहिरा होता, म्हणून शौर्य अडकला. खरे तर तीक्ष्ण कानांचा पहारेकरीही तितकाच निरुपयोगी ठरला असता. दिग्दर्शकाने स्वतःच्या सशक्त कल्पनेवर भरवसा ठेवला नाही आणि शहराचा दोष एका माणसाच्या कानांवर ढकलला गेला. 'कास्ट अवे' या बाबतीत सरस आहे. तिथे दोष कुणाचाच नाही, आकडा मात्र समोर आहे.

प्रेक्षकांची एक शंका मात्र मला पटते. 'मग रात्री ओरडायचे!' निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती खरोखर पाळली जात असेल, तर ५० डेसिबलची हाक ऐकू यायला हवी. बंद खिडकीआड झोपलेल्यांना नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला नक्की. मुंबईची रात्र इतकी शांत असते का, हा प्रश्न उरतो. पण शंका योग्य जागी बोट ठेवते. ऐकू येण्यासाठी हाक मोठी करणे हा एक मार्ग, भोवतालचा गोंगाट कमी करणे हा दुसरा.

हा दुसरा मार्ग प्रत्यक्षात जीव वाचवतो. कोसळलेल्या इमारतीखाली माणसे शोधताना बचावपथके मधूनमधून यंत्रे थांबवतात, जमलेल्यांना गप्प राहायला सांगतात आणि कान देतात. ऑगस्ट २०२० मध्ये रायगड जिल्ह्यातील महाड येथे पाच मजली इमारत पडली, तेव्हा चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत बाहेर काढला गेला. अशा जागी बघ्यांची गर्दी आणि कालवा किती महाग पडू शकतो, हे वरील आकड्यांवरून मुलांना सांगता येईल. 'त्याने ओरडायला हवे होते' असे म्हणणे सोपे. 'आपण गप्प बसायला हवे होते' हे क्वचितच कुणाला सुचते.

हा प्रयोग शाळेत करता येतो. एका विद्यार्थ्याने मैदानाच्या टोकाला उभे राहून आधी हाक मारावी, मग तितक्याच वेळा शिट्टी वाजवावी. बाकीच्यांनी पाठ फिरवून ५, १०, २०, ४० आणि ८० मीटरवर उभे राहावे आणि ऐकू आले की हात वर करावा. विंचूरच्या मुलांनी तो एकदा सकाळी शांततेत करावा आणि एकदा कांद्याचे ट्रॅक्टर बाजाराकडे निघालेले असताना, नाशिक–संभाजीनगर रस्त्याच्या सुरक्षित बाजूला. दोन्ही वेळचे हात मोजून तक्ता करावा. शिट्टीचा उंच स्वर कानाला अधिक जाणवतो आणि तिला दमही कमी लागतो, हे तक्त्यात दिसते का पाहावे.

त्यानंतर 'ट्रॅप्ड' पुन्हा दाखवावा आणि मुलांची मते नव्याने लिहून घ्यावीत.