हौद्याला अस्तर

आमच्या घरात उघडी वस्तू सापडणं कठीण. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, फ्रिजच्या मुठीला कापडी बंडी, मिक्सरला झबलं, सोफ्याला खोळ आणि त्या खोळीवर जुन्या नऊवारीचं आच्छादन. पाहुणे येणार म्हटलं की वरचं काढायचं, पाहुणे गेले की पुन्हा घालायचं. सोफ्याच्या मूळ कापडाचा रंग कोणता होता यावर आमच्यात मतभेद आहेत. सौ. म्हणते मोरपंखी होता, मला तो चॉकलेटी आठवतो. खोळ काढून बघावं, असं आजवर दोघांपैकी कुणालाही सुचलेलं नाही.

अशा घरातल्या माणसाला पुतण्याने फोन केला, "काका, गाडीच्या हौद्याला अस्तर मारून घेतोय. बघायला या." मी म्हटलं, "अरे, मी मराठीचा मास्तर. मला त्यातलं काय कळतं?" तर म्हणतो, "तुम्ही तीस वर्षं पुस्तकांची परीक्षणं लिहिलीत, तेव्हा कुणी विचारलं?"

या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो आणि रत्नागिरीहून पूल ओलांडून भाट्याला गेलो. काजळी नदी समुद्राला मिळते तिथे हा पूल आहे. त्यावर उभं राहिलं की एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधोमध माझा दम. पलीकडे सुरूचं बन, झरी विनायकाचं देऊळ आणि 1955 सालापासून चालत आलेलं नारळ संशोधन केंद्र. तिथून पुढे आमचं घर. दादा म्हणजे माझे थोरले बंधू, वहिनी आणि पुतण्या तिथे राहतात. शिवाय कर्जावर घेतलेली एक पिकअप असते.

आता हौदा म्हणजे काय, हे ज्यांच्या दारात फक्त स्कूटर असते त्यांना सांगायला हवं. पिकअपच्या पाठीवरची माल भरायची जी उघडी पेटी, तिला आमच्याकडे हौदा म्हणतात. 2005 साली टाटांनी 'एस' नावाची चिमुकली मालगाडी काढली आणि लोकांनी तिचं बारसं 'छोटा हत्ती' असं केलं. हत्ती म्हटल्यावर हौदा ओघानेच आला. फरक एवढाच, की हत्तीवरच्या हौद्यात राजे बसत आणि आमच्या हौद्यात हापूस बसतो. मानमरातब सारखाच.

मार्च ते मे या हौद्यातून आंब्याच्या पेट्या वाशीला जातात. आंबा संपला की जांभ्याचे चिरे. चिरा टाकताना हमाल जो आवाज काढतो त्याने हौद्याचाच नव्हे, बघणाऱ्याचाही रंग उडतो. पुढे पावसातली मासेमारीची बंदी उठली की मिरकरवाड्याहून बर्फातली मासळी. बर्फ वितळतो, त्याचं खारं पाणी हौद्याच्या कोपऱ्यात साचतं, आणि चिऱ्यांनी जिथे रंग खरवडलेला असतो तिथून ते पत्र्याशी संसार थाटतं. लोखंड, मीठ, पाणी आणि हवा हे चौघे एकत्र आले की पाचव्याची, म्हणजे गंजाची, निमंत्रणपत्रिका छापावी लागत नाही. त्यातून भाट्याची हवाच खारी. आमच्याकडे खिडकीचे गजसुद्धा कातडी टाकतात.

पुतण्याचं म्हणणं असं, की गाडीचे हप्ते अजून तीन वर्षं आहेत आणि हौदा काही तेवढा टिकत नाही. हप्ते फिटायच्या आधी गाडी सडली तर बँक सडक्या भागाची सूट देत नाही. म्हणून अस्तर. त्याची रक्कम त्याने हळू आवाजात सांगितली. माझी पहिली स्कूटर त्याहून स्वस्त होती, आणि तिच्यासाठी मी काही वर्षं रांगेत होतो.

हे अस्तर मूळचं अमेरिकेचं. तिकडे पिकअप ही घरातली गाडी. पूर्वी लोक तिच्या हौद्यात प्लास्टिकचं आयतं ताट बसवीत. दिसायला छान, पण त्या ताटाखाली पाणी आणि रेती शिरायची आणि पत्रा गुपचूप सडायचा. म्हणजे आमचा सोफाच. मग फवारून चिकटवायचं अस्तर निघालं. 1988 साली राइनो लायनिंग्ज आणि 1993 साली लाइन-एक्स अशा कंपन्याच त्यावर उभ्या राहिल्या. दोन द्रव असतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात राळेसारखं रसायन. मोठ्या यंत्रात ते तापवून, दाब देऊन बंदुकीच्या तोंडाशी एकत्र आणतात, आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदांतच त्यांचं रबरासारखं कातडं होतं. लहान गॅरेजात एवढं यंत्र कुठलं? तिथे बाटलीत दुसरं औषध घालतात, खोकल्याच्या औषधासारखं हलवतात आणि साध्या हवेच्या बंदुकीने मारतात. ते वाळायला वेळ घेतं आणि पुरतं मुरायला काही दिवस.

दादांचा या सगळ्याला विरोध होता. दादांचा विरोध म्हणजे ते बोलत नाहीत, नुसते सुपारी कातरतात. फार आग्रह केल्यावर म्हणाले, "खाडीतल्या होड्या बघितल्यास ना? दर वर्षी वर ओढतात, खरवडतात, तेल-डांबर देतात, झापांनी शाकारतात. दर वर्षी हात फिरतो म्हणून होडी टिकते. तुझं अस्तर एकदा मारलं की कोण बघतोय खाली?" आणि पुन्हा सुपारी.

मी मनातल्या मनात याला 'जुन्या पिढीचा आक्षेप' असं नाव देऊन बाजूला ठेवलं. परीक्षणकाराला ही सवय असते.

पहिला कारागीर आला तो रुबाबात. हौद्यात डोकावला, बोटाने धूळ पुसली आणि म्हणाला, "दोन तासांत काळाभोर करून देतो. खाली काय होतं ते देवालासुद्धा कळणार नाही." पुतण्या खूश. मीही खूश, कारण दोन तासांत जेवायची वेळ होत होती. तेवढ्यात दादा उठले. घरातून पेचकस आणला आणि हौद्याच्या कोपऱ्यात, जिथे रंगाला बारीकसा फुगा आला होता तिथे, त्याच्या मुठीने दोन ठोके दिले. पहिल्या ठोक्याला टण्ण वाजलं. दुसऱ्याला वाजलंच नाही. मग त्यांनी पेचकस उलटा धरला आणि टोक जरा दाबलं. मुठीपर्यंत आत गेला.

कुणी काही बोललं नाही. आरपार दिसणाऱ्या त्या भोकातून अंगणातलं कोंबडं आमच्याकडे बघत होतं. कारागीर म्हणाला, "त्याच्यावरसुद्धा मारता येतं हो. वरून दिसणार नाही." आणि तिथे त्याचं काम गेलं.

मी तीस वर्षं जी परीक्षणं लिहिली, त्यांत 'ओघवती भाषा', 'देखणी मांडणी' हे शब्द किती वेळा वापरले याचा हिशेब त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढून गेला. एकाही पुस्तकाच्या कोपऱ्यात मी पेचकस घालून बघितला नव्हता.

दुसरा कारागीर दोन दिवसांनी आला. त्याने प्रथम हौदा शिव्या घालत धुतला, मग न बोलता धुतला. गोड्या पाण्याने, तीन वेळा. पत्र्यावर मीठ राहिलं की ते अस्तराखालीही ओल ओढून घेतं आणि फोड आणतं, असं त्याचं म्हणणं. मग सडका भाग कापला, नवा तुकडा वेल्डिंग करून बसवला. गंज घासून पांढरा पत्रा दिसेपर्यंत हात थांबवला नाही. जिथे रंग धड होता तिथेही पॉलिश पेपर मारून त्याची चकाकी घालवली. मला राहवेना. म्हटलं, "अहो, चांगला रंग कशाला खराब करताय?" तो म्हणाला, "गुळगुळीत माणसाला काही चिकटत नाही, मास्तर." हा माणूस मी तिसरीला शिकवलेला नव्हता, हे त्याचं आणि मराठी भाषेचं भाग्य.

तीन दिवस नुसती तयारी. चौथ्या दिवशी आभाळ आलं, तर त्याने काम बंद ठेवलं. हवेतली ओल त्या रसायनात गेली की वायू सुटून बुडबुडे येतात म्हणे. पुतण्या घड्याळ बघत होता, पेट्या भरून पडल्या होत्या. पण तो ढिम्म हलला नाही.

पाचव्या दिवशी ऊन पडलं. त्याने आम्हां सगळ्यांना घरात घातलं, आणि स्वतः तोंडावर मुखवटा चढवला. साधा नव्हे, लांबून नळीने स्वच्छ हवा आणणारा. पुतण्या हसला, "चंद्रावर निघालात काय?" तो हसला नाही. "मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते तोंडाला रुमाल बांधून मारायचे. आता चार पायऱ्या चढले की बसतात. ही वाफ एकदा छातीत धरली की सोडत नाही." पहिल्या कारागिराच्या खिशात मी रुमालच बघितला होता. चौकडीचा. पत्र्याच्या काळजीने आम्ही दोन आठवडे जेवणं घशाखाली उतरू दिली नव्हती, आणि मारणाऱ्याच्या छातीला कसलं अस्तर आहे हे घरातल्या एकानेही विचारलं नव्हतं. दादांनीसुद्धा नाही.

आता परीक्षण. कृती काळी, खरखरीत, घट्ट. कणखर पोत, एकजिनसी मांडणी. चिरा पडला तर आवाज निम्म्यावर. पेट्या वळणावर घसरत नाहीत, त्यामुळे आंबा वाशीला चेपून जात नाही. हे गुण मोठे आणि मोजून घ्यावेत असे.

दोष एकच, तोही हमालाने दाखवला. पूर्वी मागच्या फळीवर पेटी ठेवून एक ढकल दिली की ती सरळ केबिनपर्यंत सरकत जायची. आता हलेनाच. म्हणाला, "साहेब, घसरत नाही ते ड्रायव्हरला चांगलं. आमाला परत्येक पेटी उचलून नेऊन ठेवायला लागते." शिवाय गुडघा टेकवला तर साल निघतं. म्हणजे हापूसचा त्रास वाचला तो हमालाच्या कमरेत आणि गुडघ्यात गेला. एवढ्या मोठ्या कृतीत ही व्यक्तिरेखा लेखकाने विचारातच घेतलेली नाही, असं मी वहीत लिहून ठेवलं. पुतण्याला वाचून दाखवलं. तो विचारात पडला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने हौद्यात गुळगुळीत प्लायवूडच्या दोन लांब पट्ट्या टाकल्या. पेट्या भरताना त्यांवरून सरकवायच्या, भरून झाल्या की पट्ट्या ओढून काढायच्या. हमाल खूश झाला. माझ्या परीक्षणामुळे कुणी काही सुधारल्याचं माझ्या आयुष्यातलं हे पहिलं उदाहरण.

पण आनंद दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी गेलो तर हौद्यात पट्ट्या होत्या, त्यावर गोणपाट होतं आणि त्यावर निळी ताडपत्री. "हे काय रे?" पुतण्या जरा ओशाळला. म्हणाला, "नवीन अस्तर आहे, काका. चिरे टाकून चरे पडतील. जरा जपायला नको?"

मी त्याला काय बोलणार? मी मोरपंखी की चॉकलेटी, त्या घरातला.

बोलल्या त्या वहिनी. त्यांनी ताडपत्री ओढून आंगणात वाळवणाला घातली, गोणपाट गोठ्यात दिलं, आणि म्हणाल्या, "एवढे पैसे कशाला घातलेस मग? मार खायला घातलेस ना? खाऊ दे त्याला मार." त्याच दिवशी चिरे भरले. हौद्याला दोन ओरखडे पडले. अस्तराला, पत्र्याला नव्हे. पुतण्या ते दोन ओरखडे संध्याकाळी बराच वेळ हाताने चाचपत होता.

श्रावणानंतर मासळी सुरू झाली. एका सकाळी मी पोचलो तेव्हा गाडी मिरकरवाड्याहून नुकतीच आली होती, पुतण्या आत झोपला होता आणि दादा एकटे पाइप धरून हौदा धूत होते. गोड्या पाण्याने. मग वाकून त्यांनी कोपऱ्यातल्या पाणी जायच्या भोकात बोट घातलं आणि आत अडकलेली सुरूची काडी बाहेर काढली. साचलेलं पाणी बुळुक्कन खाली गेलं.

मी म्हटलं, "दादा, आता अस्तर आहे ना?"

"अस्तर पत्र्याला आहे," दादा म्हणाले. "भोकाला कुठे आहे?" आणि पेचकस मागायला वहिनींना हाक मारली.