‘व्हॅली ऑफ फिअर’ : एक अर्धी फिटलेली उसनवारी

रहस्यकादंबरी वाचणारा माणूस लेखकाला आपली रात्रीची झोप उसनी देतो. सर आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’ने माझीही झोप घेतली, परतफेड मात्र अर्धीच केली.

शेरलॉक होम्सची ही चौथी व शेवटची कादंबरी १९१४-१५ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात क्रमशः आली. तिचा प्रारंभ काय वर्णावा! होम्सकडे सांकेतिक आकड्यांची चिठ्ठी येते. बर्लस्टोनच्या डग्लसवर संकट आहे, असा तिचा अर्थ लागतो न लागतो तोच पोलीस अधिकारी दारात हजर : डग्लसचा काल रात्रीच खून झाला! वाड्याभोवती पाण्याचा खंदक, रोज संध्याकाळी उचलला जाणारा पूल, बंदुकीच्या बाराने ओळखू न येणारा चेहरा, नाहीशी झालेली लग्नाची अंगठी, आणि डंबेल्सच्या जोडीतले एकच शिल्लक. या साऱ्यामागे मोरिआर्टी या महाखलाची सावली.

डंबेलचा उलगडाही सुरेख आहे. मेला तो मारेकरी. डग्लस वाड्यातच लपलेला! इथवर तक्रार नाही. पण मग पुस्तक एकदम वीस वर्षे मागे, अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणींत जाते. पेनसिल्वेनियात १८७० च्या दशकात गाजलेल्या ‘मॉली मग्वायर्स’ प्रकरणावर बेतलेला हा भाग स्वतंत्रपणे चांगला आहे. पण त्यात होम्स नाही. तो परततो तेव्हा डग्लस जहाजावरून समुद्रात पडल्याची बातमी येते. हे काम मोरिआर्टीचे, असे होम्स सांगतो, आणि त्याच्या पारिपत्यासाठी मुदत मागतो. पुस्तक संपले! ज्याच्या भीतीने आपण जागलो, तो एकदाही समोर येत नाही.

कोणी म्हणेल, त्याचा निकाल डॉइलनी १८९३ च्या ‘द फायनल प्रॉब्लेम’ कथेतच लावला होता. खरे आहे. पण एका पुस्तकाचे देणे दुसऱ्याने का फेडावे? शिवाय त्या कथेत वॉटसनने मोरिआर्टीचे नावही ऐकलेले नाही. इथे, काळाने आधीच्या प्रसंगात, त्याला ते चांगले ठाऊक आहे!

आमच्या कामठ्याकडे दिवाळी सरली की मंडईचे दिवस येतात, झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात. पहिल्या अंकात ज्याच्या नावाने थरकाप उडवला, तो खलनायक पहाटेपर्यंत रंगमंचावर आलाच नाही, तर अंगावर घोंगडी ओढून बसलेला शेतकरी गप्प बसेल काय? कोडे सुटले म्हणून त्याचे समाधान होणार नाही. दाखवलेल्या भीतीला कुणी तरी सामोरे जायला हवे.

मी हे कुणाला शिकवण्यासाठी लिहीत नाही. मीही कादंबऱ्या लिहितो. पहिले प्रकरण भरात उतरते आणि शेवटच्याला शाई आटते, हा अनुभव माझ्याही गाठी आहे. डॉइलवर रागावताना मला माझीच दोन पुस्तके आठवत होती.

तरीही या सुट्टीत पहिला भाग जरूर वाचा. फक्त दिवा मालवायची वेळ आधीच ठरवून ठेवा.